बेंड पाईपची धग: पट्टी गुंडाळावी की सिरॅमिक कोटिंग करावं?

मोठी बाईक घेऊन मुंबईतून बाहेर पडताना पाय भाजतो तो शहर सुटेपर्यंतच. सी लिंक, कोस्टल रोड, अटल सेतू, पुण्याचा एक्स्प्रेसवे, सगळीकडे दुचाकीला बंदी. म्हणजे सायन, चेंबूर, मानखुर्द, वाशी, पनवेल असं सिग्नलमागून सिग्नल पार करायचं आणि मग जुन्या रस्त्याने खोपोलीहून घाट चढायचा. माझ्या साडेसहाशे सीसीच्या गाडीवर मोकळ्या रस्त्यात काहीच जाणवत नाही, वारा धग मागे नेतो. पण मानखुर्दला वीस मिनिटं पहिल्या गिअरमध्ये गेली की उजवी पोटरी पार शेकून निघते. मागे बसलेली बायको तर पाय कुठे ठेवू म्हणून विचारते.

बेंड पाईपवर, म्हणजे इंजिनातून सायलेन्सरकडे जाणाऱ्या पाईपवर, धग अडवणारी पट्टी गुंडाळावी की सिरॅमिकचा लेप म्हणजे कोटिंग करावं, यांत तुम्ही अडकला असाल, तर मी दोन्ही केलं आहे. उंच बूट आणि जाड पँट तुम्ही वापरत असालच, ते सोडून देतो.

आधी एक तपासा. सिग्नलला उभं असताना धग सतत लागते, की पंखा सुरू झाला की एकदम झोत येतो? झोत येत असेल तर तो रेडिएटरचा. त्यावर पट्टीही चालत नाही आणि कोटिंगही नाही. गरम हवा पायावरून बाजूला वळवणारा पत्रा लावावा लागतो. सतत लागणारी धग मात्र बेंड पाईपची. १ एप्रिल २०२० ला बीएस-६ हे प्रदूषणाचे नियम आल्यापासून बऱ्याच गाड्यांत कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातले विषारी वायू कमी करणारा भाग, इंजिनाला लागूनच असतो, कारण तो लवकर तापला तरच काम करतो. आपल्या पायाशी शेगडी आली ती अशी.

पट्टीचं मला खरंच कौतुक आहे. एका रविवारी घरच्या घरी होते. बसाल्टची पट्टी बादलीत भिजवायची, प्रत्येक वेढा आधीच्या वेढ्यावर थोडा चढवत घट्ट ओढत आणायची, स्टीलच्या क्लिपांनी आवळायची. ऑक्सिजन सेन्सरची जागा मोकळी ठेवायची आणि हातमोजे घालायचेच, नाहीतर तंतू कातडीत जाऊन दोन दिवस खाज सुटते. पहिल्या दोन-तीन वेळा गाडी तापली की धूर येतो, घाबरू नका. मी तापमान मोजलेलं नाही, पण पहिल्या महिन्यात पोटरीला जो आराम पडला तो पुढे कोटिंगनेही तेवढा दिला नाही, हे प्रामाणिकपणे सांगायला हवं.

मग जून आला.

पट्टी पाणी पिते. गाडी तापली की वाळते असं सांगतात, आणि रोज चालणारी असेल तर वाळतही असेल. पण टूरिंगची गाडी पावसाळ्यात रोज कुठे निघते? रविवारी माळशेजला भिजून आली की शनिवारपर्यंत ती सोसायटीच्या पार्किंगमध्ये ओलीच उभी. समोरच्या चाकाने उडवलेला चिखल थेट त्या पाईपवर, त्यात आपली खारी हवा. जुलैपासून गाडी सुरू केली की आधी ओल्या गोणपाटासारखा वास यायचा, मग वाफ. खंडेनवमीला गाडी पूजेसाठी धुवायला काढली, तेव्हा एक क्लिप तुटून पट्टीचं टोक लोंबत होतं. कटरने पूर्ण सोडली. आतून पाईपवर प्रत्येक वेढ्याच्या कडेशी तपकिरी रेघ, आणि खालच्या वळणावर, जिथे पाणी साचून राहतं, तिथे गंजाचे पापुद्रे नखाने निघत होते. एकाच पावसाळ्यात! पट्टीखाली काय चाललं आहे ते दिसत नाही, म्हणूनच ती माझ्या मनातून उतरली. उघडा पाईप गंजला तर निदान दिसतो तरी.

कोटिंगला मला पट्टीच्या जवळजवळ चौपट खर्च आला आणि गाडी दहा दिवस उभी राहिली. पाईप काढून द्यावा लागतो. तो सँडब्लास्ट करून, म्हणजे वाळूच्या माऱ्याने साफ करून, वर लेप फवारून भट्टीत भाजतात. पाईपच्या पोटातच कन्व्हर्टर असेल तर दोन्ही तोंडं बंद करूनच ब्लास्टिंग करा असं बजावून सांगा, वाळू कन्व्हर्टरच्या आतल्या जाळीत गेली तर ती जाळी कामातून गेली. दगड लागून टवका उडू शकतो. माझ्या पाईपवर असा एक नखाएवढा टवका आहे. धग थोडी जाणवतेच, पण पाय सीटजवळ आवळून बसावं लागत नाही. तीन पावसाळे झाले, वरून पाणी मारलं की पाईप स्वच्छ.

तुम्ही सोलापूर किंवा नगरकडचे असाल, पाईप चांगल्या स्टेनलेसचा असेल, तर कदाचित पट्टीच बरी पडेल आणि पैसेही वाचतील. मुंबईत किंवा कोकणात गाडी ठेवणाऱ्याला मी कोटिंगकडेच वळवेन.

काम मे महिन्याच्या आत करून घ्या, आणि पाईप काढायच्या आदल्या रात्री नटांवर गंज सोडवणारं तेल मारून ठेवा. आमच्या मेकॅनिकने घाई केली आणि एक स्टड, म्हणजे पाईप आवळणारा आट्यांचा खिळा, इंजिनाच्या हेडमध्येच तुटला. तो काढण्यात तीन दिवस गेले. परत बसवताना पाईप आणि इंजिन यांमधलं पॅकिंग नवीनच टाका, जुनं दाबलं गेलेलं असतं आणि तिथून फटफट आवाज येतो.