कॅम्पातलं डिस्पोजल: रायफल सोडून सगळं

दुकानावर पाटी नाही. बेळगावात कॅम्पात, फिश मार्केटजवळच्या बोळात शिरलात की डाव्या हाताला खाकी कापडात गुंडाळलेल्या पाण्याच्या बाटल्या दोरीला टांगलेल्या दिसतील, तेच. पुढच्या बाजूला भरतीच्या पोरांसाठी बूट, बनियन, काळ्या ट्रंका. भरती लागली की तिथं पाय ठेवायला जागा नसते. मागं पडद्याआड दुकानदार चाचांचा खरा माल, डिस्पोजलचा, म्हणजे सैन्यानं मोडीत काढलेला. मी बावीस वर्षं त्या पडद्यामागं जातोय, त्यामुळं हा अभिप्राय एका भेटीवरचा नाही.

मी कोण, तेही सांगतो. खानापूर तालुक्यातल्या एका मराठी हायस्कुलात गणित शिकवलं आणि एकोणीस वर्षं एनसीसी सांभाळली. कवायतीला आमच्याकडं थ्री-नॉट-थ्रीच्या, म्हणजे जुन्या लष्करी बोल्टच्या रायफलीच्या, डी.पी. रायफली होत्या, म्हणजे चेंबरला भोक पाडून कायमच्या मुक्या केलेल्या. चार किलोचं ते धूड आठवीच्या पोरांच्या हातात. ‘बाजू शस्त्र’ म्हटलं की निम्म्यांचा तोल शेजाऱ्याच्या टोपीवर जायचा. खरी थ्री-नॉट-थ्री मी मारली ती कामठीला, ट्रेनिंगात. खांदा तीन दिवस काळानिळा होता. फायरिंग झालं की खोके, म्हणजे मारलेल्या गोळ्यांची रिकामी पितळी टरफलं, मोजून परत द्यायचे, एक कमी पडला तर सगळी पलटण गवतात ओणवी. तसं ओणवं असताना एका खोक्याच्या बुडाशी ‘के’ आणि ‘एफ’ अशी अक्षरं वाचली. खडकी! पुण्याच्या खडकीत ओतलेलं पितळ. तिथून हे वेड लागलं, ते अजून उतरलेलं नाही.

रायफल मात्र माझ्याकडं एकही नाही, आणि चाचांकडंही नाही. हे आधीच सांगतो, कारण दुकानात येणारा प्रत्येक दुसरा पोरगा तेच विचारतो. थ्री-नॉट-थ्री आपल्याकडं बंदी असलेल्या बोअरात, म्हणजे नळीच्या मापात, मोडते. साध्या लायसनवर ती मिळतच नाही. लष्करी गोळी रयतेच्या बंदुकीत चालू नये ही गोऱ्या साहेबाची हुशारी, आणि त्यातून पॉइंट थ्री-वन-फाइव्ह हे वेगळं बोअर आपल्या वाट्याला आलं. ईशापूरच्या सरकारी कारखान्याची ती स्पोर्टिंग रायफल आमच्या खानापूर भागात रानडुकरांसाठी काही घरांत आहे. बोल्ट ओढून बघा, बहीण कुणाची ते लगेच कळतं. पण विधानसभेची आचारसंहिता लागली की ती पोलीस ठाण्यात जमा, आणि डुकरं तेवढे दोन महिने मजेत. पलीकडं चंदगडला आमच्या पाहुण्यांची बंदूक तेव्हा घरातच असते, त्यांची निवडणूक वेगळ्या साली. डुकराला सीमाप्रश्न कळत नाही, नाहीतर त्यानंही मुक्काम हलवला असता.

तर माझ्यासारख्यानं गोळा काय करायचं? रायफलीच्या भोवतीचं. स्लिंग म्हणजे खांद्याचा पट्टा, पुल-थ्रू म्हणजे नळी साफ करायची दोरी, तेलाची बाटली, पाच गोळ्या धरणारी पत्र्याची चार्जर-क्लिप, गोळ्यांच्या लोखंडी पेट्या, मळकी ट्रेनिंग पुस्तकं. या मालात या दुकानाला आमच्या भागात तोड नाही. कोल्हापूरला मी शोधलं, हुबळीला शोधलं. तिथं मिळतं ते सगळं नवं, ‘आर्मी’ नावाचं.

या वर्षी मी वारंवार गेलो ते भाच्यामुळं. तो निपाणीचा, आता ओहायोत असतो, आणि तिकडच्या कायद्यात बसतं म्हणून खऱ्या रायफली जमवतो. त्याच्याकडं ईशापूरची टू-ए-वन आहे, १९६६ सालची. १९६२ च्या युद्धानंतर आपल्याकडं थ्री-नॉट-थ्रीच्याच जुन्या साच्यावर ७.६२ च्या गोळीची रायफल काढली, ती ही. मॅगझिनमध्ये दहाच्या जागी बारा गोळ्या. नळीवर तिकडच्या आयात करणाऱ्यानं आपलं नाव ठोकलंय, तो ठसा त्याला फार सलतो. मी म्हटलं, अरे, जनावर बाजारातून आणलं की कानात बिल्ला असायचाच.

आपल्या सैन्याच्या इन्सास रायफलींबद्दल त्यानं व्हिडिओ कॉलवर विचारलं, “मामा, आता इन्सास जुन्या झाल्या. वीस वर्षांनी त्या इकडं येतील का रे? आत्तापासून पैसे बाजूला टाकतो.”

मी फोन तसाच चाचांच्या तोंडासमोर धरला. चाचा म्हणाले, “बेटा, पैसे टाकू नकोस. येणार नाहीत.” आणि परत बुटाला लेस ओवायला लागले.

पुढं मी खोदून विचारलं, भाच्याशी ताडून बघितलं, आणि चाचांचंच खरं निघालं. अमेरिकेनं १९६८ च्या कायद्यानं परदेशी लष्करी माल अडवला होता. १९८४ मध्ये जुन्या, संग्रहाच्या मालाला वाट मोकळी केली. त्याच सुमाराला जगभरच्या कोठारांत महायुद्धातल्या बोल्टच्या रायफली पडून होत्या, पुढं सोव्हिएत संघ फुटला, आणि लोंढाच आला. रशियाची मोसिन-नागां २०१० च्या आसपास शंभर डॉलरच्या आत मिळायची, आमचा भाचा तेव्हा विद्यार्थी होता आणि डाळभात खाऊन त्यानं एक घेतली. आज तिची किंमत विचारली तर तो विषय बदलतो. नेपाळनं २००३ मध्ये काठमांडूच्या जुन्या राजवाड्यातलं कोठारच्या कोठार विकलं, मार्टिनी-हेन्रीपासून त्यांच्या स्वतःच्या गहेंद्र रायफलीपर्यंत. अशी कोठारं किती उरली असणार? फिलिपिन्सला आणि तुर्कस्तानला जुन्या काळी दिलेल्या अमेरिकेच्याच गॅरंड रायफली २०१८ च्या सुमाराला अमेरिकेत परत आल्या, फिलिपिन्सहून सुमारे ८६ हजार आणि तुर्कस्तानातून १३ हजार. ऐकायला डोंगर वाटतो. पण तो तळाचा गाळ आहे, विहिरीला नवा झरा लागलेला नाही.

कारण सोपं आहे. बोल्टची रायफल हातानं ओढायची, एक बार एक गोळी. ती सैन्यानं टाकली तरी दुसरा कुणी घेऊ शकतो. तिच्यानंतर बहुतेकांनी घेतल्या त्या घोडा दाबून धरला की चालत राहणाऱ्या. त्यांची खाजगी माणसासाठी आयात तिकडं १९६८ पासून बंद, आणि १९८६ नंतर तर नव्यानं नोंदच होत नाही. इन्सासला तीन गोळ्यांचा बर्स्ट आहे, म्हणजे तिकडच्या कायद्यात ती मशीनगनच. अख्खी कधीच जाणार नाही. फार तर कापून, तुकडे करून. आणि २००५ पासून त्या तुकड्यांतली नळीसुद्धा चालत नाही. शिवाय जुनी हत्यारं विकण्यापेक्षा मोडून टाका असा संयुक्त राष्ट्रांचा २००१ पासून सगळ्या देशांना आग्रह आहे. आपल्याकडं उत्तर प्रदेश पोलिसांनी २०२० च्या प्रजासत्ताक दिनाच्या संचलनात थ्री-नॉट-थ्रीला निरोप दिला. चाचांच्या पोरानं ते मोबाइलवर बघून विचारलं होतं, “अब्बा, हा माल डिस्पोजलला निघेल का?” चाचा म्हणे दिवसभर हसत होते.

भाच्याला वाईट वाटलं. मला नाही वाटलं, खोटं कशाला बोलू. आमच्या सीमाभागात किती घरांत मराठा लाइट इन्फंट्रीचे फोटो आहेत, आणि त्या फोटोंतल्या आजोबांच्या हातात हीच रायफल आहे. ती भट्टीत गेली तर जाऊ दे, चुकीच्या हातात गेली नाही म्हणजे झालं. पण तिचा पट्टा, तिची बाटली, तिची दोरी, एवढं तरी राहावं की नाही?

आता मालाबद्दल. बाटलीवर जरा थांबतो, कारण फसवणूक तिथंच होते. थ्री-नॉट-थ्रीच्या दस्त्याला खाली पितळी पत्रा असतो, त्यात एक छोटं झाकण. अंगठ्यानं उघडलं की आत पुल-थ्रूची गुंडाळी आणि पितळी तेलबाटली. बाटली मधल्या बोटाएवढी. टोपण फिरवून काढलं की टोपणालाच एक चिमुकला चमचा जोडलेला येतो, त्यानं थेंब थेंब तेल बोल्टवर सोडायचं. टोपणाच्या आत चामड्याची चकती. खऱ्या बाटलीचं हे चामडं काळं, तेल पिऊन मेणासारखं झालेलं असतं. आटे झिजलेले, टोपण दोन फेऱ्यांत बसतं. आणि वास! पन्नास वर्षांचं तेल, थोडी माती, थोडा बारूद. माझ्या बायकोला तो वास आला की ती खिडकी उघडते.

मार्चमध्ये चाचा गावाला गेले होते, तेव्हा पोरानं मला जी बाटली दिली तिच्यावर बाणाचा सरकारी ठसा छान उठून दिसत होता. फारच छान. साडेचारशे दिले. घरी येऊन टोपण काढलं तर आत रबराची चकती, चमचा सैल, आटे नव्या नटासारखे करकरीत. तपकिरी रंग चिंचेनं पुसला आणि खालून बाटली नव्या समईसारखी चकाकली. ‘लंडन’ लिहिलेली होकायंत्रं पर्यटकांना विकतात ना, त्यांचीच ही धाकटी बहीण. चाचा परतल्यावर नेऊन ठेवली. त्यांनी पोराकडं एकदा बघितलं, कानडीत काहीतरी बोलले जे मला पूर्ण कळलं पण इथं लिहिण्याजोगं नाही, आणि साडेचारशे परत केले. “सर, बसा की. चहा घ्या.” मग ट्रंकेतून खरी काढली. सहाशे. घासाघीस केली नाही.

याच कारणानं पाचातले चार. एक गुण पोराचा कापला. तो वाईट नाही, पण त्याला जुनं आणि जुनं केलेलं यातला फरक कळत नाही, आणि हल्ली जास्त वेळ गल्ल्यावर तोच असतो.

खरी बाटली भाच्याला पाठवायची होती. कुरिअरच्या खिडकीवर वस्तूच्या रकान्यात मी इमानदारीनं ‘रायफलची तेलाची बाटली’ असं लिहिलं. पहिल्या शब्दाला त्या मुलीचा चेहरा बदलला, ‘तेल’ वाचून मॅनेजर आला. रिकामी आहे म्हटलं, टोपण उघडून दाखवलं. वास पसरला. संपलंच. बाटली परत घरी आली. आता माझ्या टेबलावर आहे, शिवणयंत्राचं तेल तिच्यात भरून दाराच्या बिजागऱ्यांना घालतो. चामडं अजून थेंबभर गळू देत नाही. भाचा म्हणतो, मामा, तू ती वापरतोस? मग काय करू, देव्हाऱ्यात ठेवू?

भाव साधारण असे: कापडी स्लिंग साडेतीनशे, पितळी वजन शाबूत असलेला पुल-थ्रू दीडशे (वजन तुटलेला फुकट देतील, घेऊ नका), चार्जर-क्लिप तीस रुपयांना एक. पेट्या नऊशेपासून, पण झाकणाचं रबर नसेल तर निम्म्यात मागा. गोळी, खोका असलं काही चाचा ठेवत नाहीत आणि विचारलेलं त्यांना आवडत नाही. स्लिंग घेताना शिवण नखानं ओढून बघा, बेळगावच्या पावसात काही गठ्ठे आतून कुजलेत. खिशात लोहचुंबक असू द्या. ‘पितळी’ म्हणून दिलेली वस्तू त्याला चिकटली तर काही बोलू नका, पुढच्या ट्रंकेकडं वळा.

शुक्रवारी दुपारी एक ते तीन बंद. फोनवरून पैसे पोराकडं जातात, चाचांना रोख आवडते. स्लिंगचा गठ्ठा गणपतीच्या आधी वीसचा होता, परवा मोजले तर सात. दोन मी आणले. चाचा म्हणाले, यानंतरचा गठ्ठा नाही.