नाशिकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या: पणजीच्या लग्नाचा माग शेवटी इथे लागला

पणजीच्या लग्नाची नोंद शोधण्यात माझं दीड वर्ष गेलं आणि जे काही हाती लागलं ते रामकुंडाजवळ एका तीर्थोपाध्यांच्या, म्हणजे तीर्थाला येणाऱ्या घराण्यांच्या नोंदी वहीत ठेवणाऱ्या गुरुजींच्या ओसरीवर, तासाभरात. म्हणून मुद्दाम लिहितेय.

आधी सगळं करून झालं होतं. तहसीलच्या रेकॉर्ड रूममधून गाव नमुना 14, म्हणजे ते कोतवाल बुक, त्याच्या नकला काढल्या, त्यात जन्म-मृत्यू सापडतात, लग्न नाही. फेरफारात पणजोबा वारल्यावर वारस म्हणून पणजीचं नाव लागलेलं मिळालं पण ते सासरचं, आपल्याकडे तांदळाच्या ताटात अंगठीने नवीन नाव लिहिलं की माहेरचं नाव तिथेच संपतं, मग शोधायचं तरी कोणत्या नावाने? एका ऑनलाईन सेवेला साडेतीन हजार भरले, त्यांनी दोन महिन्यांनी आम्हीच दिलेली नावं झाडाच्या चित्रात बसवून परत पाठवली. फार वाईट वाटलं तेव्हा. नंतर कळलं की त्या काळी गावाकडे हिंदू लग्न सरकारदरबारी लिहायची पद्धतच नव्हती, महाराष्ट्रात आता जो विवाह नोंदणीचा कायदा आहे तो 1998 चा. म्हणजे आमचा कागद हरवला नव्हता, तो झालाच नव्हता.

हातात होती फक्त आजीची एक आठवण, की तिच्या सासूबाईंचं लग्न शारदा कायदा लागायच्या आत घाईघाईने उरकलं. तो बालविवाह रोखणारा कायदा 1 एप्रिल 1930 पासून लागू झाला, लग्नाला मुलगी 14 आणि मुलगा 18 वर्षांचा हवा म्हणून, आणि त्याआधी गावोगाव लग्नांची नुसती झुंबड उडाली होती.

तर मी आणि बाबा नाशिकला गेलो. पहिल्याच गुरुजींनी आडनाव नाही, मूळ गाव विचारलं, मग जात, मग आडनाव, आणि म्हणाले तुमची संगमनेरकडची गावं आमच्याकडे नाहीत, पलीकडच्या गल्लीत जा. कुठलं गाव कुणाचं यजमान हे त्यांना तोंडपाठ असतं. तिथल्या गुरुजींनी लाल फडक्यात बांधलेली लांबट वही काढली, पानं कडेला पिवळी पडून कुरतडलेली, मोडी अक्षर. गुरुजी बोट ठेवून वाचत होते आणि बाबा शेजारी मांडी घालून अगदी गप्प.

शके 1848, म्हणजे 1926. खापरपणजोबा त्यांच्या वडिलांच्या अस्थी घेऊन आलेले, खाली भावांची, मुलांची नावं, त्यात पणजोबा. सुनांपैकी कुणी नाही. पुढची नोंद शके 1854, 1932 च्या सिंहस्थातली, आणि त्यात मुलांच्या नावांनंतर सून म्हणून पणजीचं नाव, पुढे माहेरचं गाव, सिन्नर तालुक्यातलं!! शेवटी खापरपणजोबांच्या डाव्या अंगठ्याचा ठसा, शाई थोडी पसरलेली पण रेषा अजून दिसतात. बाबांनी त्याच्या शेजारी आपला अंगठा धरून बघितला, मला रडूच आलं.

लग्नाची तारीख मिळाली नाही, ती या वह्यांत मिळेल अशी आशा ठेवू नका. पण 1926 ते 1932 एवढी चौकट मिळाली आणि त्यात आजीचं बोलणं बसवलं तर 1930 च्या मार्चपर्यंत कधीतरी, मला एवढं पुरेसं वाटतं. आणि माहेरचं गाव तर कुठल्याच सरकारी कागदात नव्हतं.

दक्षिणा त्यांनी मागितली नाही, आम्ही आपणहून दिली, फोटो विचारून काढू दिला. त्रास म्हणाल तर गर्दी, 2023 पासून कुणबी नोंदींसाठी लोक वंशावळी शोधायला येतात त्यामुळे थांबावं लागतं, आणि पितृपक्षात तर अजिबात जाऊ नका. सगळ्या वह्या एका जागी नसतात, एखाद्या घराण्यात वाटण्या झाल्या की वह्याही वाटल्या जातात. जाताना गावाचं जुनं नाव, जुना तालुका आणि निदान दोन पिढ्यांची पुरुषांची नावं लिहून न्या. 2027 चा सिंहस्थ तोंडावर आहे, तेव्हा निवांत बोलायला कुणालाच वेळ नसणार, त्याआधीच जाऊन या. माझ्याकडून पाचपैकी पाच.

निघताना गुरुजींनी आमचीही नोंद करून घेतली. बाबांनी आईचं माहेरचं नाव, तिचं गाव आणि लग्नाची तारीख सांगितली, ती गुरुजींनी तशीच्या तशी लिहिली, बाबांनी खाली सही केली. आता पुढच्या रविवारी सिन्नरकडे, पणजीच्या माहेरचं घर कुणाला माहीत आहे का विचारायला.