डॅटसन २४०झेडला २८०झेडएक्सचा ५ स्पीड गिअरबॉक्स: बरेच महिने चालवल्यावर

२८०झेडएक्स म्हणजे २४०झेडच्याच घराण्यातली नंतरची गाडी, तिचा बॉक्स माझ्या गाडीत बसवला. आधी निकाल सांगतो, मग पाल्हाळ. फ्रीवेसाठी एक नंबर, घाटासाठी ठीकठाक, आणि सिग्नलला उभं राहून निघताना आधीपेक्षा वाईट. हे तिसरं कोणी नीट सांगत नाही, सगळे फक्त पाचव्या गिअरचं कौतुक करत बसतात, म्हणून लिहायला घेतलं.

गाडी १९७२ ची २४०झेड, मी अमेरिकेत सॅन फ्रान्सिस्कोच्या बे एरियात असतो. भारतात डॅटसन म्हटलं की लोकांना ती छोटी डॅटसन गो आठवते, गावाकडे फोटो दाखवला तर काका म्हणाले ही पण त्यांचीच का रे? त्यांचीच. २.४ लिटरचं सहा सिलिंडरचं एल२४ इंजिन, दोन एसयू टाइप कार्ब्युरेटर, आणि अमेरिकेत मॅन्युअल घेतली तर गिअर चारच. इथे पाच स्पीड मिळायला ७७ ची २८०झेड यावी लागली. चौथा गिअर १:१ आणि डिफ (मागच्या चाकांमधला डिफरन्शियल) ३.३६, म्हणजे ताशी ६५ माइलला इंजिन ३००० आरपीएमच्या आसपास कायम ओरडत असतं. ऐकायला भारी वाटतं, पहिली वीस मिनिटं. नंतर बायको कानात बोळे घालून बसायची आणि मी दुखरं डोकं घेऊन ऑफिसला पोचायचो.

आता बजेट. गाडी १९७० मध्ये नवीन ३,५२६ डॉलरला मिळायची, आज नवाकोरा मॉडर्न पाच स्पीड, त्याचं किट, ड्राइव्हशाफ्ट बनवून घेणं असं सगळं धरलं तर तेवढ्यात भागत नाही. म्हणून जुना मार्ग, जंकयार्डातला झेडएक्सचा बॉक्स. नाव एफएस५डब्ल्यू७१बी. ७१ म्हणजे आतल्या दोन शाफ्टमधलं अंतर ७१ मिमी आणि डब्ल्यू म्हणजे वॉर्नर पद्धतीचे सिंक्रो (गिअर पडताना दोन्हींचा वेग जुळवणाऱ्या रिंगा). माझा बॉक्स ८२ च्या नॉन टर्बो गाडीतला, ४५० डॉलर. टर्बोचा घेऊ नका, त्यात बोर्गवॉर्नर कंपनीचा टी५ गिअरबॉक्स असतो, ते प्रकरणच वेगळं. क्लच किट, सील, माउंट, यू जॉइंट, ऑइल सगळं मिळून हजाराच्या आत बसलं, मजुरी शून्य कारण मी आणि शेजारचा एक मित्र, दोघांनी गराजमध्येच जॅक स्टँडवर केलं.

बसतो कसा? जवळजवळ सरळ. माझ्या गाडीत आधीपासून बी टाइप चार स्पीड होता त्यामुळे बेलहाउसिंगचे (क्लचवरचं, इंजिनला जोडणारं कवच) बोल्ट तेच, ड्राइव्हशाफ्ट तोच, मागचा क्रॉसमेंबर तोच. अगदी सुरुवातीच्या गाड्यांत ए टाइप बॉक्स असतो, बेलहाउसिंग सुटं असलेला, तिथे माउंटचं काम वाढतं, ते आधी वाकून बघा. एक गोष्ट मात्र पाठ करा: रिलीज बेअरिंगचा कॉलर (पेडल दाबलं की क्लच सोडवणारा भाग) हा क्लचच्या प्रेशर प्लेटचा सोबती आहे, गिअरबॉक्सचा नाही. बॉक्ससोबत आलेला कॉलर तुमच्या प्रेशर प्लेटला आखूड पडला तर क्लच सुटणारच नाही, आणि ते कळतं कधी तर सगळं परत वर चढवून झाल्यावर. आम्ही जुन्या क्लचच्याच मापाचं किट घेतलं आणि कॉलर जुन्या बॉक्सचाच लावला. स्पीडोमीटरचा प्लास्टिकचा छोटा पिनियन पण जुनाच काढून घातला कारण डिफ बदललेला नाही, फोनच्या जीपीएसशी ताडून बघितलं, काटा बरोबर येतो. गिअरचा दांडा पहिल्या-तिसऱ्या-पाचव्यात कन्सोलच्या पुढच्या कडेला लागत होता, कड थोडी कापली, बूटखाली दिसत नाही.

आता मुख्य मुद्दा, रेशो. आकडा मोठा तर ओढ जास्त, छोटा तर इंजिन कमी फिरतं. जुना बॉक्स ३.५९२, २.२४६, १.४१५, १. नवीन, म्हणजे ८१ ते ८३ चा क्लोज रेशो (गिअर एकमेकांजवळ असलेला), ३.०६२, १.८५८, १.३०८, १, ०.७४५. पाचव्यामुळे ६५ ला ३००० चे साधारण २२०० होतात आणि हे खरंच जादू आहे, गाडीत बसून नॉर्मल आवाजात भांडता येतं. पेट्रोल पण गॅलनला दोन-तीन माइल जास्त देते, पण त्यासाठी करत असाल तर हिशोब कधीच जुळणार नाही. पण पहिला गिअर बघा. तोच ३.३६ डिफ ठेवला तर पहिला जवळपास १५ टक्के लांब झाला. सिग्नलला क्लच जास्त घासून सोडावा लागतो, सॅन फ्रान्सिस्कोच्या चढांवर मी ही गाडी आता नेतच नाही. हायवे ९ च्या हेअरपिनला दुसऱ्यात गाडी दमते आणि पहिल्यात टाकावी इतका वेग कमी नसतो, तिथे जुना बॉक्स आठवतो. उलट एकदा वेग धरला की दुसरा-तिसरा-चौथा असे जवळ जवळ आहेत की बास! आधी ६००० ला दुसऱ्यातून तिसऱ्यात टाकलं की इंजिन ३८०० च्या खाली उतरायचं, आता ४२०० ला राहतं, म्हणजे ओढ सुटत नाही. स्कायलाइन रस्त्यावर रविवारी सकाळी हेच हवं असतं.

म्हणून माझं मत, डिफ ३.३६ च ठेवणार असाल आणि शहरात जास्त चालवणार असाल तर ७७-७८ च्या २८०झेडचा वाइड रेशो बॉक्स शोधा, पहिला ३.३२१ आणि पाचवा ०.८६४, फ्रीवेला २५५० पडतील पण निघताना त्रास कमी. माझं रोजचं जाणं-येणं २८० नंबरच्या फ्रीवेवरून, त्यामुळे मला क्लोज रेशोच बरा. हायवे १७ चढताना पाचवा विसरा, चौथ्यात आणा, २२०० ला एल२४ मध्ये ओढून नेण्याइतकी ताकद नाही.

तक्रारी म्हणाल तर दोन. थंडीत सकाळी दुसरा गिअर पहिल्या मैलभर कुरकुरतो, दुसऱ्याचा सिंक्रो झिजलाय, जंकयार्डचा माल म्हणजे एवढं चालायचंच. गिअर ऑइल जीएल-४ ग्रेडचंच घाला, फॅक्टरी मॅन्युअल तेच सांगतं, दुकानात सगळीकडे जीएल-५ पुढे करतात पण पितळी सिंक्रोला ते नको. बदलल्यावर कुरकुर अर्धी झाली, गेली नाही. दुसरी तक्रार बॉक्सची नाहीच, इंजिन शांत झाल्यावर डिफचा रडका आवाज आणि खिडकीच्या रबरातला वारा ऐकू यायला लागला, जे आधी कधी कळलंच नव्हतं. रबरं मागवलीत.

जंकयार्डात बॉक्स बघताना ड्रेन प्लग उघडून ऑइल बोटांवर घ्या, बारीक पितळी चमक चालते, स्टीलचे कण दिसले तर ठेवा आणि निघा. इनपुट शाफ्ट हाताने फिरवत सगळे गिअर टाकून बघा, पाचवा तर नक्कीच. आणि जुना चार स्पीड विकू नका, विकून फार येत नाही, पुढेमागे ओरिजिनल गाडी हवी असणारा गिऱ्हाईक आला तर तोच आधी मागेल. माझा गराजच्या कोपऱ्यात पडलाय, बायको विचारते हा कधी जाणार, मी म्हणतो बघू.