नऊ महिने, एक पिशवी: गाडीवर काय वागवलं आणि काय खरंच लागलं

गेल्या जूनमध्ये गाडीवरचं सगळं सामान उतरवून गल्लीच्या तोंडाशी असलेल्या भंगारवाल्याच्या काट्यावर ठेवलं. 11 किलो 400 ग्रॅम. त्यानं पिशवीत डोकावून विचारलं, "मिक्स हाय का सगळं? का लोखंडाच्या भावानं देताय?" म्हटलं, विकायचं नाही, नुसतं मोजायचंय. त्यानं माझ्याकडे ज्या नजरेनं बघितलं, ती डोक्यात राहिली आणि त्याच संध्याकाळी एक चाळीस पानी वही घातली. पिशवीतली जी वस्तू रस्त्यावर खरोखर बाहेर निघेल, तिच्यापुढे एक रेघ. आता मार्च संपत आलाय, मीटरवर आठ हजारांच्या वर किलोमीटर चढलेत. वहीत जे दिसतंय ते सांगतो.

गाडी साडेतीनशे सीसीची, जुनी, तारांच्या चाकांची, म्हणजे ट्यूबवाली. हे आधीच सांगायला हवं, कारण अलॉय आणि ट्यूबलेसवाल्यांचा संसार निराळा. ते खिळा उपसतात, टोच्यानं रबराची स्ट्रिप खुपसतात, हवा भरतात आणि चहाला लागतात. आम्हाला चाकच उतरवावं लागतं. राहायला सातारा. पावसाळ्यात यवतेश्वर, कास, बामणोली. मेढ्यावरून केळघर घाट. महाबळेश्वरावरून आंबेनळीनं पोलादपूर. पाटणहून कुंभार्ली उतरून चिपळूण. हिवाळ्यात दोनदा बेळगाव. बाकी मग रहिमतपूर, कोरेगाव, वाई अशी घरगुती पायपीट, गाडीवरची.

वहीत सगळ्यांत जास्त रेघा कशापुढे असतील? मला वाटलं होतं पान्यांपुढे. निघाल्या डोक्याला बांधायच्या बॅटरीपुढे. एकतीस. ही बॅटरी मी गिर्यारोहणाच्या दुकानातून नाही, मार्केट यार्डाजवळच्या शेतीसामानाच्या दुकानातून घेतली. रात्री उसाला पाणी पाजणारे शेतकरी वापरतात तीच. वजनाला जरा जड आहे, पट्टा घामानं वास मारतो, पण चिखलात पडली, पावसात भिजली, तरी पेटते. मोबाइलचा उजेड दातात धरून नट फिरवून बघा, मग कळेल मी काय म्हणतोय.

आता पंक्चर. जानेवारीत रहिमतपूरहून परत येताना, रात्री साडेआठच्या सुमाराला, मागचं चाक बसलं. आपल्याकडे ऊसतोडीचा हंगाम म्हणजे पंक्चरचा हंगाम. कारखान्याला ऊस ओढणाऱ्या बैलांच्या पायांना पत्री मारलेली असते, तिचे खिळे झिजून रस्त्यावर सांडतात, आणि ते अगदी आपल्यासाठीच उभे राहिल्यासारखे टोक वर करून पडतात. दोन्ही बाजूंनी ऊस, लांबवर एका वस्तीचा दिवा, कडाक्याची थंडी. मेन स्टँडवर गाडी चढवली, ॲक्सलचा नट मोकळा केला. तो मोठा पाना मी कंपनीच्या किटमधला नाही, लोहारगल्लीतून वेगळा घेतला होता, आणि त्याला हात दीड हात लोखंडी पाइप जोडीला. कारण गॅरेजवाले तो नट असा आवळतात की जणू चाक पळून जाणार आहे. तेव्हा हे लक्षात ठेवा: गाडीबरोबर आलेला पाना घरी एकदा त्या नटाला लावून बघा. माझा पहिल्याच झटक्यात वाकला होता.

चाक निघालं, टायर लिव्हरनं कड उचलली, नवी ट्यूब घातली, कड परत बसवली, हवा भरायला घेतली आणि फुस्स. लिव्हरच्या टोकात नवी ट्यूब चिमटली होती. अशा वेळी माणसाला शिव्याही सुचत नाहीत. परत सगळं काढून जुन्या ट्यूबला पॅच लावला. तिथे दोन गोष्टी शिकलो. एक, ट्यूब घालण्याआधी तिच्यात किंचित हवा भरायची, म्हणजे ती गोल राहते आणि चिमटत नाही. दुसरी, कड चढवताना लिव्हरच्या समोरची बाजू गुडघ्यानं दाबून रिमच्या मधल्या खोलगट भागात ढकलायची. मग शेवटचा वीतभर भाग हातानंसुद्धा चढतो. हे आमच्या पंक्चरवाल्याला सांगितलं तर म्हणाला, "ते पहिल्या दिवशीच शिकवत्यात आम्हास्नी." बरोबरच आहे.

सुट्या ट्यूबचं म्हणाल तर आता एकच वागवतो, पुढच्या चाकाची. पुढची ट्यूब मागच्या चाकात कोंबून घरापर्यंत येता येतं. मागची जाड ट्यूब पुढच्या अरुंद टायरात घालायला गेलं की घड्या पडतात.

हवेसाठी आधी पायाचा पंप होता. दणकट, पण दीड किलो. सप्टेंबरमध्ये गाडीच्या बॅटरीला जोडायचा छोटा इलेक्ट्रिक पंप घेतला. साताऱ्यातल्या एका दुकानातून, नाव सांगत नाही. मागचं चाक रिकाम्यापासून चार-पाच मिनिटांत भरतो. काटा मात्र खोटं बोलतो: पेट्रोल पंपावरच्या मीटरशी ताडून बघितलं तर तीन पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) जास्त दाखवतो, म्हणून त्याच्यावर 35 दिसेपर्यंत भरतो आणि 32 समजतो. नळीच्या टोकाची प्लास्टिकची चाप डिसेंबरात तडकली. दुकानदार म्हणाला, वॉरंटी मोटरला आहे, चापेला नाही. तार गुंडाळून चालवतोय. तरीही परत घेईन का? घेईन. कुंभार्लीच्या पावसात पायपंप हाणत बसण्यापेक्षा तडकलेली चाप परवडते.

पाने थोडक्यात. दहा-अकरा, बारा-तेरा, चौदा-पंधरा, एलन कीचा गुच्छा, एक पकड, प्लगचा पाना. सॉकेटची पेटी, जी मी हौसेनं पुण्याहून आणली होती, तिच्यापुढे नऊ महिन्यांत दोन रेघा. ती पेटी एकटीच दोन किलोच्या आसपास. आता घरी आहे. एम-सील, केबल टाय, इन्सुलेशन टेप, दोन फ्यूज. आणि सायकलच्या जुन्या ट्यूबचे कापलेले रबरी पट्टे, ज्यांनी आजवर रेनकोट, तुटलेला इंडिकेटर, सायलेन्सरची जाळी आणि एकदा माझ्या बुटाचा तळ बांधला आहे. फुकटात. क्लचची सुटी वायर वेगळी पिशवीत ठेवू नका. चालू वायरीच्या बाजूनं आधीच ओढून, टोकं टेपनं बंद करून टाकीखाली बांधून ठेवा. पसरणी घाटात माझी वायर हँडलवरच्या क्लचच्या लिव्हरपाशी तुटली तेव्हा टाकी न काढता दहा मिनिटांत काम झालं. ही युक्ती माझी नाही, एका म्हाताऱ्या मिस्त्रींची.

औषधांच्या डब्याबद्दल मत बदललं. दुकानात मिळतो तो तयार डबा म्हणजे पट्ट्याच पट्ट्या, बोट कापलं तर उपयोगी. ऑगस्टमध्ये यवतेश्वरच्या चढावर शेवाळलेल्या वळणावर दोन कॉलेजची पोरं घसरली. एकाची मांडी फाटलेली. पट्टीचं तिथे काय काम? लागलं ते जाड गॉज, क्रेप बँडेज आणि कापड कापायची मोठी कात्री. गॉज दाबून धरलं, 108 ला फोन केला. दुसऱ्या पोराचं हेल्मेट काढायला एक भला माणूस धावला, त्याला थांबवलं. पोरगा शुद्धीत होता, श्वास नीट होता, मान हलवायची गरज नव्हती. बघे म्हणत होते, "हात लावू नका, पोलिसाचं लफडं होतं." मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीनं 134-अ कलम आलंय: चांगुलपणानं मदत करणाऱ्यावर कारवाई नाही, त्याला नाव सांगायची सक्ती नाही. हे मी तिथे ओरडून सांगितलं. ऐकलं कुणी नाही, पण दोघं जण पुढे आले.

कपड्यांचं काय लिहायचं? आयएसआय हेल्मेट, हातमोजे, पावसाळ्यात रेनकोट. ओलं होऊ नये म्हणून महागड्या ड्राय बॅगेऐवजी खताच्या पोत्याच्या आतला प्लास्टिकचा कागद. कोयनेकडे जाणार असाल तर जळवांसाठी मिठाची पुडी. रोकड हवीच, कारण शिवसागराच्या काठाला रेंज गेली की मोबाइलमधले पैसे नुसते बघायचे. कागदपत्रं डिजिलॉकरमध्ये चालतात, पण तीही आधी उघडून ठेवा.

आता शेवटच्या कप्प्याकडे येतो. भीतीचा कप्पा.

अमेरिकेतल्या बाइकवाल्यांच्या सामानाच्या याद्या वाचायचा मला नाद आहे. त्यात पाना, टॉर्च, पंक्चर किट आणि मग त्याच ओळीत, सहज, पिस्तूल. कमरेला लावावं की टाकीवरच्या बॅगेत ठेवावं यावर पानंच्या पानं चर्चा. कमरेला असलं आणि गाडीवरून पडलात तर तेच लोखंड माकडहाडात घुसतं, असं एक बाजू म्हणते. बॅगेत ठेवलं तर गाडी चोरीला गेली की पिस्तूलही गेलं, असं दुसरी. शिवाय तिथे प्रत्येक राज्याचा कायदा वेगळा, एका राज्याचा परवाना शेजारच्या राज्यात चालेलच असं नाही. 1986 च्या त्यांच्या केंद्रीय कायद्यानं नुसतं ओलांडून जायची मुभा आहे, पण गोळ्या काढून, कुलूपबंद पेटीत. मोटारीला डिकी असते, मोटारसायकलवाल्यानं पेटी कुठे बसवायची? तेही लोक वैतागलेले दिसतात.

वाचून वाचून मलाही वाटायला लागलं की रात्री एकट्यानं फिरताना काहीतरी हवं. मग काय, एक पेपर स्प्रे घेतला. त्याला परवाना लागत नाही. टाकीवरच्या बॅगेत ठेवला. ऑक्टोबरच्या उन्हात टाकी तापते, बॅग काळी, आणि डबीची टोपी हलकी. कराडच्या पुढे केव्हातरी तो गळला आणि हातमोज्यात मुरला. मला काही पत्ता नाही. उंब्रजला थांबलो, चष्मा काढला, डोळे पुसले. पुढची चाळीस मिनिटं मी एका रसवंतीच्या बाकड्यावर तोंडावर पाणी मारत बसलो होतो आणि रसवंतीवाली मावशी "सासू वारली का काय पाव्हण्याची?" असं शेजारणीला विचारत होती. वहीत पेपर स्प्रेपुढे ही एकच रेघ आहे.

चाकूच्या बाबतीत, तीन इंची पात्याचा घडीचा चाकू आहे, बावीस रेघा, त्यातल्या वीस पेरू आणि काकडीसाठी. नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पातं म्हटलं की तो शस्त्र नियमांच्या यादीत जातो. शेतीची, घरकामाची अवजारं त्यातून वगळलेली आहेत. पण रात्री गाडीला कोयता अडकवून नाक्यावर "शेतीचा आहे साहेब" म्हणून बघा! त्यात सणासुदीला जिल्ह्यात शस्त्रबंदीचा आदेश निघाला तर काठीसुद्धा नको.

आणि बंदूक? माझे मामा फौजेतून सुभेदार म्हणून निवृत्त. नंतर काही वर्षं बँकेच्या दारात उभे होते, त्या काळापासूनची परवान्याची बाराबोर घरात आहे. दिवाळीत त्यांच्याकडे गेलो तेव्हा चाचपडत विषय काढला, मामा, मी परवान्याला अर्ज केला तर?

मामांनी सुपारी कातरायचं थांबवलं नाही. "वय बसतंय तुजं, एकवीसच्या वर हाईस. कलेक्टर हापिसात अर्ज कर. पोलीस चौकशीला येतील, इचारतील धोका कुणापासनं हाय. काय सांगशील? कुत्र्यापासनं?"

खरं तर कुत्र्यांपासूनच. बाकी काही भेटलंच नव्हतं कधी.

"आन मिळाला परवाना, तर त्यावर कुठवर चालतो त्ये लिवल्यालं आसतंय. राज्याचा आसला आन तू बेळगावला कुंदा खायाला गेलास, की निपाणीच्या अलीकडंच गुन्हेगार झालास. बिगरपरवान्याची सापडली तर दोन ते पाच वर्सं आत." मग कपाटातून एक फाइल काढली आणि पावत्या दाखवल्या. निवडणूक लागली की बंदूक पोलीस ठाण्यात जमा, आचारसंहिता उठली की परत. विधानसभा, लोकसभा, एकेक पावती नीट लावलेली. "रायफल घिऊन सोळा वर्सं सरहद्दीवर हुतो. घरी आल्यापास्नं ही बाई निस्ती ठाण्यात माहेरपणाला जाती. तेल द्यायचं, पुसायची, परवाना वाढवून घ्यायचा. तुला गाडीला तेल द्यायला येळ मिळंना, साखळी बघ कशी वाळलीया."

साखळी खरोखर वाळली होती. तिथेच अंगणात बसून तेल दिलं.

कुत्र्यांवर उपाय मात्र सापडला. लांबूनच वेग कमी करायचा, कुत्रं आपल्याला जिथे येऊन भिडणार असं गृहीत धरून पळतं, तो त्याचा हिशेब चुकतो, आणि मग त्याच्या पुढून निघून जायचं. लाथ मारायला पाय उचलला की तोल आपला जातो. माझा गेला होता, वडूथच्या पुढे. हँडलला अजून ओरखडा आहे.

गेल्या आठवड्यात पिशवी पुन्हा त्याच काट्यावर ठेवली. 4 किलो 900. भंगारवाल्यानं या वेळी भाव विचारला नाही. त्यात डोक्याची बॅटरी धरलेली नाही, कारण ती दिवाळीत निघताना मामांनी मागून घेतली. त्यांच्याकडे पाण्याच्या मोटारीची लाईट आठवड्यातले निम्मे दिवस रात्रीचीच असते, उसाला पाणी बदलायला अंधारात जावं लागतं. दोनदा फोन केला. म्हणतात, "आसू दे की, ऊस जाईस्तोवर." मी नवी घेतली, त्याच दुकानातून, 280 रुपये.