बोलेरोच्या मागच्या दारावरचं घडीचं टेबल: उन्हाळा-पावसाळा काढल्यावरचा अनुभव

माझा धंदा ठिबकच्या सामानाचा. सोलापुरातून निघायचं आणि सांगोला-मंगळवेढ्याकडच्या डाळिंबाच्या बागा फिरायच्या. बिल लिहिणं, जॉइनर-टी मोजून देणं, डबा खाणं, सगळं बॉनेटवर चालायचं, आणि मे महिन्यात आमच्याकडे बॉनेट म्हणजे तवाच. बोलेरोचं मागचं दार बाजूला उघडतं, त्यामुळे आतल्या अंगाला घडीचं टेबल बसवायला जागा आयती मिळते. दोन फूट बाय चौदा इंचाची फळी, खालच्या कडेला पियानो बिजागरी (कडेभर जाणारी लांब, सलग बिजागरी), दोन्ही बाजूंना साखळ्या आणि मिटल्यावर धरून ठेवायला एक पट्टा. खर्च दोन हजारांच्या आत आला.

बघणारा प्रत्येक जण म्हणतो, जरा मोठं करायचं की! माझं मत उलटं आहे. दारावर आधीच स्टेपनी लटकलेली असते, तिच्यात भर कशाला? ही फळी दोन किलोच्या आसपास भरते. शिवाय मोठ्या टेबलावर लोक मोठं ओझं ठेवतात आणि मग कोपर टेकून गप्पा मारतात.

खरा जीव साखळीत आहे. पुढच्या कडेपासून दारापर्यंत साखळी किती तिरकी जाते, त्यावर सगळा ताण ठरतो. फळीच्या मधोमध १० किलोची पेटी ठेवली, तर पुढच्या कडेवर ५ किलोचा भार येतो. साखळी फळीशी ४५ अंशांत असेल तर दोन्ही साखळ्यांवर मिळून साधारण ७ किलोंची ओढ बसते. २० अंशांतच असेल तर तीच ओढ जवळजवळ १५ किलोंवर जाते. म्हणून वरचा हूक काचेखाली जमेल तितका वर घ्यायचा. साखळी फळीला दाराकडे दाबते आणि वरच्या बोल्टला बाहेर खेचते. लोक महागडी बिजागरी आणतात आणि वरच्या बाजूला साधा पत्र्याचा स्क्रू मारतात, तो चार खड्ड्यांत ढिला होतो. दाराचा आतला पत्रा एक मिलिमीटरही जाड नसतो. तिथे एम-६ चे रिव्हनटच हवेत, म्हणजे पातळ पत्र्याच्या भोकात घट्ट बसणारे, ६ मिलिमीटरच्या बोल्टचे आट्यांचे नट. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या एका फॅब्रिकेटरकडून ते बसवून घेतले. त्याने ड्रिलच्या बिटावर टेप गुंडाळून खूण केली होती, म्हणजे बिट बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचत नाही. भोक पाडण्याआधी प्लास्टिकचं कव्हर काढून वायरिंग कुठून गेलंय ते बघाच. दाराच्या तळाला पाणी निथळायला भोकं असतात, ती बुजवू नका.

प्लाय १२ मिलिमीटरचा, आयएस ७१० शिक्क्याचा मरीन. सनमायका दोन्ही बाजूंनी लावलाय, कारण एकाच बाजूला लावला की फळी हळूहळू वाकते. रंग फिकट राखाडी. बंद गाडीतल्या उन्हातही सनमायका उचकटलेला नाही. पावसाळ्यात एका कोपऱ्यात मात्र कड फुगली. तिथे कडेवरचं वॉर्निश गेलं होतं. घासून पुन्हा दोन हात मारले, आता ठीक आहे.

आवाजाने सुरुवातीला डोकं उठवलं. साखळ्या फळीच्या आत लोंबायच्या आणि मोहोळच्या पुढे रस्ता खराब लागला की खुळखुळ सुरू. सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे साखळीवर चढवले, फळीच्या मागे फेल्टच्या चकत्या चिकटवल्या. नटही नायलॉक, म्हणजे आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने ढिले न होणारे टाकले. त्यानंतर गप्प.

उरलेली अडचण वाऱ्याची. बाजूला उघडणारं कुठलंही दार आषाढातल्या वाऱ्यात आणि उताराच्या जागी हलतं, त्यावर टेबल असलं की वरचा चहाही हलतो. दाराच्या कडीपासून बंपरजवळच्या हुकापर्यंत नायलॉनची दोरी ताणली की दार जागचं हलत नाही, पण प्रत्येक वेळी ती बांधायचा कंटाळा येतो हे खरं. पेन घरंगळू नये म्हणून तीन बाजूंना अर्ध्या इंचाची पट्टी मारलीय. चौथी बाजू मोकळी ठेवली, पुसताना माती तिथून निघते.

टेबलावर गॅस मात्र ठेवत नाही. दाराची रबर बीडिंग आणि प्लास्टिकचं कव्हर हातभरावर, खाली प्लाय. शेगडी जमिनीवरच बरी. हुरड्याच्या दिवसांत शेंगा चटणी, दही, गूळ, ताटल्या वर आणि आगटी लांब, असं छान जमतं. मंगळवेढ्याकडच्या एका म्हाताऱ्या बागायतदाराने डबा मांडलेला बघून विचारलं, "साहेब, गाडी हाय का हाटेल?" आणि आपल्या शेतातल्या कांद्याची पात आणून ठेवली.

वर उघडणाऱ्या दाराच्या गाडीवाल्यांनी ही मापं घेऊ नयेत. तिथे दाराला टेबल बसतच नाही. मागच्या फ्लोअरवर सरकणारी फळी करावी लागते, आणि तिला सरकपट्ट्या भक्कम लागतात.