शॉवरच्या टाइलखाली पाणी नेमके कोठे अडवावे?

टाइल आणि ग्राउट (टाइलमधल्या फटी भरणारा मसाला) पाणी रोखतात, हा समज शॉवरचा तळ बांधण्यापूर्वीच सोडून द्यावा लागतो. सिमेंटच्या ग्राउटमधून ओल झिरपतेच. ती कोणत्या थरावर अडवायची आणि तेथून ट्रॅपपर्यंत, म्हणजे तळातल्या निचऱ्याच्या तोंडापर्यंत, कशी न्यायची, एवढेच ठरवायचे असते. त्याच्या तीन पद्धती आहेत.

जुन्या पद्धतीत सुमारे 1 मिमी जाडीची पीव्हीसी शीट सिमेंट-वाळूच्या दोन थरांमध्ये असते. खालच्या थराला मीटरमागे 20 मिमी ढाळ देतात, त्यावर शीट अंथरतात, तिच्यावर साधारण 40 मिमीचा दुसरा थर घालतात आणि मग टाइल बसवतात. ट्रॅपच्या दोन कड्यांमध्ये शीट आवळली जाते आणि वरच्या थरात मुरलेले पाणी कड्याजवळच्या बारीक छिद्रांतून निचरते. जाड थराखाली असल्यामुळे टाइल तडकली तरी शीट सहसा शाबूत राहते, हे या पद्धतीचे बळ. पण अनेक मिस्त्री शीट सपाट स्लॅबवरच टाकतात आणि ढाळ वरच्या थरात काढतात. असे केले की पाणी शीटवर तुंबते, वरचा थर कायम ओला राहतो, ट्रॅपभोवतीचे ग्राउट काळवंडते आणि काही महिन्यांतच कुबट वास येऊ लागतो. मग वरून कितीही सीलर फासला तरी उपयोग होत नाही. छिद्रे मसाल्याने बुजली तरी हेच घडते, म्हणून त्यांच्याभोवती बारीक खडी ठेवावी. शिवाय वरच्या थराचेच वजन चौरस मीटरला सुमारे 80 किलो भरते, त्यामुळे लाकडी तक्तपोशीवर हे काम करण्यापूर्वी खालच्या वाशांची ताकद तपासून घेणे भाग आहे.

उरलेल्या दोन्ही पद्धतींत पाणी टाइलच्या लगेच खाली अडते, सिमेंटचा ढाळ कोरडा राहतो आणि एकूण उंचीही वाचते. त्यांपैकी एक म्हणजे दोन्ही बाजूंना लोकरीसारखे अस्तर असलेली पातळ शीट, जी ढाळावर टाइलच्या मसाल्याने चिकटवतात. तिची जाडी कारखान्यातच ठरलेली असते, त्यामुळे ती कारागिराच्या हातावर अवलंबून नसते. सांधे मात्र असतात. दोन पट्ट्या एकमेकींवर किमान 50 मिमी चढल्या पाहिजेत आणि त्यांच्यामधला मसाला थापीने दाबून बाहेर काढला पाहिजे. कोपऱ्यात तीन-चार पट एकावर एक आले की तेथे फुगवटा होतो आणि टाइल वर उचलली जाते. ट्रॅपही रुंद कडेचा, शीट चिकटवता येईल असाच लागतो. जुना ट्रॅप बदलता येत नसेल, तर या पर्यायाचा विचार बहुधा येथेच थांबतो.

ब्रशने किंवा रोलरने लावायचा लेप स्वस्त, बिनसांध्याचा आणि वेड्यावाकड्या जागेत सोयीचा. भिंत आणि जमीन मिळते तेथे कोपरा भरून गोलाई काढून जाळीची पट्टी लेपात बुडवावी. पहिला हात आडवा दिला असेल तर दुसरा उभा द्यावा. अडचण जाडीची आहे. डब्यावर लिहिलेल्या प्रमाणापेक्षा लेप कमी खपला, तर कोठे तरी तो पातळ झाला आहे असे खुशाल समजावे, कारण रंग सगळीकडे सारखाच दिसतो. दोन हातांमधला वाळण्याचा वेळही घाईत खाल्ला जातो, आणि ओल्या सिमेंटवर लावलेला लेप पुढे फुगून सुटतो.

ट्रॅप नव्याने बसवायचा असेल आणि तळ साधा चौकोनी असेल, तर माझा कल चिकटवलेल्या शीटकडे आहे. वळणे आणि पाइप जास्त असतील तर लेप घ्यावा, पण तो लागत असताना स्वतः उभे राहून डबे मोजावेत. जुनी पद्धत मिस्त्रीच्या हातात पक्की बसलेली असेल तरच निवडावी, आणि शीटखाली ढाळ आहे की नाही हे पट्टी आणि लेव्हल लावून आपण पाहावे.

पर्याय कोणताही घेतला, तरी ट्रॅपला बूच लावून तळात पाणी भरावे, पातळीवर पेन्सिलीने खूण करावी आणि 24 तास थांबावे. जुन्या पद्धतीत ही चाचणी वरचा थर घालण्यापूर्वी होते आणि लेपाच्या बाबतीत तो पूर्ण वाळल्यावर. पातळी उतरली तर आधी बूच तपासावे, कारण गळती पुष्कळदा तिथूनच असते; बूच घट्ट असेल तर गळती सापडेपर्यंत टाइलला हात लावू देऊ नये.