वकील फुकट, पण पावत्या आपणच शोधायच्या

मालकाच्या मुलाची वकिलामार्फत नोटीस आली: जानेवारी 2016 पासूनचं भाडं थकलंय, 90 दिवसांत भरा, नाहीतर खोल्या सोडा. भाडं महिना 220 रुपये. मिस्टरांच्या माघारी पावती माझ्या नावावर झालेली.

कोर्टाच्या आवारातल्या विधी सेवा प्राधिकरणात गेले. मोफत वकिलासाठी बाईमाणसाला उत्पन्नाची अट नाही, हे तिथे कळलं. दाखल्यासाठी सेतूत मारलेल्या दोन चकरा वाया! वाट मात्र पाहावी लागते. माझा नंबर दुपारी अडीचला लागला, झेरॉक्सही आपल्याच खर्चानं.

वकीलबाई तरुण, बोलायला जरा तुटक. मी टेबलावर पिशवी उपडी केली. डिसेंबर 2018 पर्यंतच्या पावत्या निघाल्या. तीन वर्षं तिथेच मिटली. पुढे मुलगा पावतीच देईना (तोही भाडे कायद्यानं गुन्हाच, म्हणे). 2019 चे आठ महिने हातात दिलेले, पुरावा एकच, कालनिर्णयच्या चौकटीत ‘भाडं दिलं’. बाई म्हणाल्या, “हे तुम्हीच लिहिलंय, कोर्ट विचारेल.” नंतरच्या दोन मनीऑर्डरी ‘घेण्यास नकार’ शेऱ्यासह परत आलेल्या. पोस्टाचा शिक्का पाहून त्या पहिल्यांदा हसल्या. त्यापुढचं सगळं बँकेतून गेलंय.

शेजारचे काका सांगत होते, तीन वर्षांपेक्षा जुनं भाडं मागताच येत नाही, निवांत राहा. बाईंनी कान टोचले. जुन्या भाड्याच्या वसुलीचा दावा तीन वर्षांत लावावा लागतो, हे खरं. पण घर वाचवायचं तर त्यावर विसंबू नका. हातात दिलेले आठ आणि मनीऑर्डरींचे दोन, अशा दहा महिन्यांचे 2200 हक्क राखून (म्हणजे थकबाकी कबूल न करता), तसं लेखी कळवून भरून टाका.

आठ महिन्यांचे 1760 दुसऱ्यांदा द्यायचे! मी तिथेच भांडले. त्या शांतपणे म्हणाल्या, “एवढ्यापायी खोल्या घालवता का?”

दावा लागलाच तर समन्स मिळाल्यापासून 90 दिवसांत थकबाकी 15 टक्के सरळव्याज आणि दाव्याच्या खर्चासह कोर्टात भरायची, पुढचं भाडं चालू ठेवायचं, म्हणजे थकबाकीपायी ताबा जात नाही, हेही त्यांनी कागदावर लिहून दिलं.

या मोफत सेवेला माझे पाचपैकी चार गुण. एक कापला तो फोन कधीच उचलत नाहीत म्हणून.

2200 चा चेक स्पीड पोस्टानं सोमवारी गेला. पोच अजून यायचीय.